पॉवरलाइन अडॅप्टरच्या नोंदी: कोथरूडच्या बंगल्यात ११ एमबीपीएसवरून १८० पर्यंत

घर तळमजला अधिक दोन मजल्यांचं, थ्री-फेज मीटर (वीज तीन वेगळ्या तारांवरून येते), जुनं कॉन्सील्ड वायरिंग. फायबर तळमजल्याच्या हॉलमध्ये येतं, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. नेट हवं आहे ते गच्चीलगतच्या खोलीत, आणि मध्ये दोन आरसीसी स्लॅब. वाय-फाय जिन्याच्या दुसऱ्या वळणावर मान टाकतं. कॅट-६ (नेटची केबल) ओढायचा प्रयत्न आधी झाला होता, पण जिन्यातला पाइप वायरींनी गच्च आहे आणि वायरमनची स्प्रिंग सात फुटांवर अडकली. बाहेरून केबल सोडायची तर भिंतीला दिवाळीआधीच रंग लागलेला. म्हणून पॉवरलाइन, म्हणजे घरातल्या विजेच्या तारांतूनच नेट नेणारे अडॅप्टर.

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

अडॅप्टरची जोडी, खोक्यावर १२०० (एमबीपीएस) लिहिलेली, गिगाबिट (१,००० एमबीपीएसच्या) पोर्टवाली. ₹६,२००.

लावण्याआधी दोन्ही एकाच खोलीत, एकाच स्विचबोर्डच्या शेजारच्या दोन प्लगमध्ये घातले आणि दोन लॅपटॉप केबलने जोडून आयपर्फ-३ (दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवलं. ६० सेकंद इकडून, ६० सेकंद तिकडून. २६२ आले. या जोडीकडून या घरात जास्तीत जास्त काय निघेल त्याचा हा पहिला आकडा. १२०० हा दोन्ही दिशांचा मिळून कच्चा वेग असतो. एका वेळी एकच अडॅप्टर बोलतो, त्यात चूकदुरुस्तीचा भारही असतो, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मग एक हॉलमध्ये, एक वरच्या खोलीत. खालून वर ११, वरून खाली १४. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) ८ मिलिसेकंदांपासून १४० पर्यंत उड्या मारतोय.

मोजमाप दोन लॅपटॉपमध्येच करायचं. इंटरनेटची स्पीड टेस्ट लावली की कंपनीची लाइन, वाय-फाय आणि पॉवरलाइन या तिघांचे दोष एकाच आकड्यात कालवले जातात. अडॅप्टरच्या ॲपमधला आकडाही नको, तो कच्चा वेग दाखवतो. ॲपमध्ये २१० दिसत असताना हातात ७०-८० येणं अगदी सामान्य आहे.

फर्मवेअर (अडॅप्टरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. चाळीस मिनिटं गेली, फरक शून्य.

रविवार, २ नोव्हेंबर

हॉलमधला अडॅप्टर टीव्हीमागच्या एक्स्टेंशन बोर्डात होता, तोही सर्ज प्रोटेक्टरवाला. या बोर्डांत फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारे भाग) असतात, चांगल्या बोर्डात फिल्टरही. दोन्ही उच्च वारंवारतेची गडबड गिळतात, आणि अडॅप्टरचा सिग्नल (साधारण २ मेगाहर्ट्झपासून वर) त्यांच्या दृष्टीने गडबडच. फिल्टर जितका चांगला, तितका सिग्नल जास्त खातो.

अडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये घातला. ११ चे ३४ झाले.

चूक: त्याच वेळी वरच्या टेबलाचा बोर्डही बदलला, त्यामुळे कशामुळे किती फरक पडला ते कळेना. सगळं पूर्ववत करून एकेक बदल पुन्हा केला. तास गेला. वरच्या बोर्डाचा काही वाटा नव्हता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गुरुवार, म्हणजे महावितरणची देखभाल; सकाळी दहाला लाइट गेली. हॉलमधला टीव्हीचा बोर्ड इन्व्हर्टरवर आहे, वरच्या टेबलाचा प्लग नाही. म्हणून वरचा अडॅप्टर पंख्या-दिव्याच्या बोर्डावरच्या प्लगमध्ये हलवला, तो इन्व्हर्टरवर आहे. दोन्हीकडे पॉवरचा दिवा लागला, पण जोडणीचा दिवा लागायचा, विझायचा. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. हे अडॅप्टर आपलं वेळापत्रक विजेच्या ५० हर्ट्झच्या लहरीशी जुळवून घेतात. ती लहर चौकोनी झाली आणि तिच्या प्रत्येक कडेला गोंगाट आला, तर त्यांना धरायला काही उरत नाही. पंधरा मिनिटांत अडॅप्टर हाताला चटका बसेल इतके तापले, तेव्हा काढून ठेवले. स्क्वेअर वेव्हवर हे चालवायचे नाहीत.

दीडला लाइट आली. दोन्ही अडॅप्टर अजून इन्व्हर्टरच्याच लाइनवर होते, सहज मोजलं तर सुरुवातीला ७०, आणि बॅटरी चार्जिंगने जोर धरल्यावर २०. चार्जरचा गोंगाट म्हणून सोडून दिलं. ७० का आले, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. उत्तर त्यातच होतं, दोन दिवस उशिरा कळलं.

हॉलमधला अडॅप्टर इन्व्हर्टरवर नसलेल्या, चपलांच्या रॅकजवळच्या प्लगमध्ये नेला. राउटरपासून तिथपर्यंत घरातली ५ मीटरची चपटी पॅच कॉर्ड (नेटची तयार केबल) टाकली. वरचा पुन्हा टेबलाच्या प्लगमध्ये. ४१.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जिन्याखालचा डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी) उघडून कोणता प्लग कोणत्या फेजवर आहे ते काढलं. पद्धत सोपी: प्लगात टेबल लॅम्प लावायचा, एकाने एमसीबी (एकेका सर्किटचा स्विच, भार वाढला की आपोआप पडणारा) पाडत जायचं, दुसऱ्याने वरून ओरडायचं. दोन प्लगच्या फेजमध्ये मल्टिमीटर लावूनही कळतं. एकच फेज असेल तर शून्याच्या आसपास, वेगळ्या असतील तर ४०० व्होल्टच्या आसपास. पण ४०० व्होल्टवर हौशी माणसाने प्रोब धरायचं कारण नाही. लॅम्पने तेच कळतं.

तीन फेजची नावं आर, वाय, बी. हॉल आर फेजवर, पहिला मजला वाय वर, वरची खोली बी वर. म्हणजे सिग्नल एका तारेवर चढत होता आणि ऐकणारा दुसऱ्याच तारेवर बसला होता. ४१ एमबीपीएस येत होते ते वायरी पाइपातून शेजारी-शेजारी जातात म्हणून, नुसत्या पाझरण्यावर. गुरुवारचे ७० आले कारण इन्व्हर्टरची सगळी लाइन एकाच फेजवर आहे.

दोन फेजमध्ये कपॅसिटर जोडून सिग्नल पलीकडे नेण्याची युक्ती असते. पंख्याचा कपॅसिटर उचलून ती घरी करू नये. ४०० व्होल्टवर कायम जोडलेला भाग फुटला तर आग डीबीतूनच सुरू होईल. त्यापेक्षा वरच्या खोलीचं प्लगचं सर्किटच आर वर आणणं बरं.

रविवार, ९ नोव्हेंबर

वायरमन सकाळी साडेदहाला. पहिला आक्षेप त्यांचाच: "आर वर तुमचा गीझर आहे, पंप आहे. अजून वजन टाकलं तर एमसीबी पडत राहील बघा." बरोबर आहे. म्हणून पूर्ण मजला न हलवता फक्त टेबलाकडचं ६ अँपिअरचं प्लग सर्किट हलवायचं ठरलं. त्यावर लॅपटॉप, दिवा, मोबाइलचा चार्जर, बस.

मेन बंद केला, त्या एमसीबीची फेज बी वरून काढून आर वर घेतली, मेन चालू केला. लॅपटॉपचा चार्जर लावताच ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. या डीबीत प्रत्येक फेजला वेगळा ईएलसीबी आणि वेगळी न्यूट्रल पट्टी आहे. फेज आर ची घेतली, न्यूट्रल मात्र बी च्या पट्टीवरच राहिली. ईएलसीबी जाणारा आणि परतणारा करंट ताडून पाहतो, ३० मिलीअँपिअरच्या फरकाला पडतो. ६५ वॉटच्या चार्जरचा करंटच ०.३ अँपिअरच्या घरात, म्हणजे मर्यादेच्या दहापट. पट्टीवर सात न्यूट्रल, एकावरही खूण नाही. त्यातली आपली शोधण्यात पाऊण तास गेला. फेज आणि न्यूट्रल जोडीनेच हलवायच्या, हे वाचणाऱ्याने आधीच वायरमनला सांगावं. ईएलसीबी बायपास करून देतो असं कोणी म्हटलं तर चहा पाजून परत पाठवावं.

मजुरी ₹८००.

मोजलं: ९४.१. पुन्हा ९४.१. उलट दिशेने ९४.०.

आकडा वाढला म्हणून आनंद झाला, पण पॉवरलाइनचा वेग इतका एकसारखा कधीच येत नाही, तो प्रत्येक वेळी पाच-दहाने हलतो. ९४ वर खिळलेला आकडा म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसचं इथरनेट (केबलची जोडणी). राउटरच्या पोर्टचा दिवा पाहिला तर हिरव्याऐवजी पिवळा. गुन्हेगार ती चपटी पॅच कॉर्ड. तिच्या कनेक्टरमध्ये डोळा लावून पाहिलं तर आठपैकी चारच तारा. गिगाबिटला आठही लागतात. ₹१८० ची कॅट-६ कॉर्ड आणून लावली: खालून वर १३१, वरून खाली १३६, आणि आता हलताहेत.

ही कॉर्ड गुरुवारीच आली होती, पण वेग ४१ असताना तिचा दोष दिसणं शक्य नव्हतं. मोठा अडथळा निघाल्याशिवाय त्याच्याआडचा दिसत नाही, तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अर्थिंग. हा दिवस सगळ्यात जास्त शिकवून गेला.

१२०० च्या वर्गातले अडॅप्टर फेज-न्यूट्रलसोबत अर्थच्या तारेवरूनही डेटाचा दुसरा प्रवाह पाठवतात. पण या जोडीचा प्लग युरोपीय, दोन गोल पिना आणि कडेला अर्थच्या पट्ट्या. आपल्या सॉकेटात दोन पिना आरामात बसतात, वरचं मोठं भोक रिकामं राहतं आणि अर्थच्या पट्ट्या हवेत. अडॅप्टर तक्रार करत नाही, गुपचूप अर्ध्या ताकदीवर चालतो. म्हणूनच शेजारी-शेजारी असतानाही २६२ च्या पुढे गेला नव्हता.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून कन्व्हर्टर आणले. ₹६० वाले दोन: तीन पिना, अर्थची पीन चकचकीत पितळी. घरी येऊन मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप) ठेवला, एक प्रोब पिनेवर, दुसरा आतल्या पट्टीवर. बीप नाही. स्क्रू काढून पाहिलं तर पितळी पीन नुसती प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेली, आत जोडणीच नाही. दोन्हींची तीच गत. दुसऱ्या फेरीत मल्टिमीटर खिशात घालूनच गेलो आणि काउंटरवर बीप ऐकून ₹२२० प्रमाणे दोन घेतले. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण तपासू दिलं.

कन्व्हर्टर लावले तरी आकडा जवळपास तोच, १३४. मग दोन्ही सॉकेटांवर व्होल्टेज पाहिलं.

खाली: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ १.८. ठीक.

वर: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ९६, न्यूट्रल-अर्थ १२०-१३० मध्ये तरंगतोय. असे अधांतरी आकडे म्हणजे अर्थची तार कुठेच जोडलेली नाही. वायरमनला पुन्हा बोलावलं (₹३००). सॉकेट उघडलं तर हिरवी तार मागे दुमडून, टेप गुंडाळून ठेवलेली. बसवणाऱ्याने ती कधी जोडलीच नव्हती. नेट राहू दे, त्या सॉकेटावर इतकी वर्षं धातूच्या बॉडीची इस्त्री चालत होती.

तार छिलून टर्मिनलमध्ये कसली. फेज-अर्थ २२७. वेग खालून वर १८६, वरून खाली १७९. शेजारी-शेजारी चाचणी पुन्हा केली, ती ३३८.

अर्थ मिळत नसेल तर सॉकेटातच न्यूट्रलवरून जोड देणारे लोक आहेत. तसं करू नये. न्यूट्रल तुटली की उपकरणाच्या बॉडीवर थेट २३० येतात.

रविवार, १६ नोव्हेंबर

दिवसा १८६, संध्याकाळी सातनंतर ६०. घरातल्या सगळ्यांचा संशय गीझरवर. गीझर निर्दोष आहे. २,००० वॉटचं कॉइल नुसतं तापतं, गोंगाट करत नाही. त्रास देतो तो ५ वॉटचा स्वस्त चार्जर.

शोधायला दोन गोष्टी कामी आल्या.

पहिली, दिशा. खालून वर येणारा वेग ६० झाला होता, वरून खाली जाणारा १५० वर टिकून होता. गोंगाट ऐकणाऱ्याच्या कानाशी असला की त्रास देतो, बोलणाऱ्याच्या तोंडाशी असला तर तितका नाही. वरचा अडॅप्टर ऐकू शकत नाही, म्हणजे गुन्हेगार वरच्या टोकाजवळ. निम्मं घर तिथेच वगळलं.

दुसरी, खिशातला ट्रान्झिस्टर. मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झला लागतं. त्यापासून लांब, जिथे नुसती मंद खरखर आहे अशा जागी काटा ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर एकेका उपकरणाजवळ न्यायचा. दोन्ही अडॅप्टर आधी काढून ठेवायचे. अडॅप्टर २ मेगाहर्ट्झच्या वर काम करतात आणि मीडियम वेव्ह त्याच्या खाली, पण वाईट चार्जर दोन्हीकडे घाण करतो. टेबलावरच्या बिननावाच्या मोबाइल चार्जरजवळ ट्रान्झिस्टर करवतीसारखा किंचाळला. वीतभर लांब नेला की शांत. दुसरा आवाज गच्चीच्या दारावरच्या एलईडी ट्यूबचा, जाडसर गुणगुण. ती संध्याकाळी सातला लागते.

चार्जर बदलला (₹४५०): ६० चे १२०. ट्यूब बदलली (₹२६०): १८२.

त्याआधी फेराइटच्या (तारेतला गोंगाट अडवणाऱ्या) क्लिपांवर एक तास वाया गेला. चार आणल्या (₹१६०) आणि चार्जरच्या यूएसबी वायरीवर चढवल्या. काही फरक नाही, कारण घाण चार्जरच्या विजेच्या पिनांमधून बाहेर पडते आणि तिथे वायरच नाही. क्लिप चालते ती विजेची दोरी असलेल्या उपकरणाला, उपकरणाच्या अगदी जवळ, आणि दोरी तिच्यातून तीनदा ओवून. तीन वेढ्यांना परिणाम तिप्पट नव्हे, सुमारे नऊपट होतो. दोन क्लिपा शेवटी वरच्या मॉनिटरच्या अडॅप्टरला लावल्या, पाच-सहा एमबीपीएस मिळाले. दोन ड्रॉवरमध्ये आहेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वरच्या खोलीत फोनलाही नेट हवं म्हणून ५ पोर्टचा नेटवर्क स्विच (एका केबलवर अनेक उपकरणं जोडणारा डबा; ₹१,१००) आणि घरातला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलचं नेट वाय-फायवर देण्यासाठी. स्विचचा आणखी एक फायदा: लॅपटॉप बंद केला की वरचा अडॅप्टर झोपी जात होता, आता पोर्ट कायम जागं राहतं.

जुन्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं, पत्ता १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.१.२ केला, केबल वॅन (बाहेरच्या लाइनच्या) ऐवजी लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात. जोडल्यावर दहा सेकंदांत अख्ख्या घराचं नेट गेलं. सगळ्या पोर्टचे दिवे एकसाथ लुकलुकताहेत. जुन्या राउटरमध्ये हॉलच्या वाय-फायचं रिपीटर (सिग्नल पकडून पुढे फेकणारा) म्हणून केलेलं सेटिंग तसंच राहिलं होतं. म्हणजे खालून वर जायला दोन वाटा, एक विजेच्या तारेतून, एक हवेतून, आणि तेच पॅकेट गोल फिरत राहिलं. राउटर फॅक्टरी रीसेट करून पुन्हा सेट केला. जुनं उपकरण जोडण्याआधी रीसेट, हे लिहून ठेवलं आहे.

जोडीची किल्लीही (दोन अडॅप्टरमधला डेटा कुलूपबंद ठेवणारा गुप्त संकेत) आज बदलली. कारखान्यातून आलेली किल्ली बऱ्याचदा सगळ्यांची सारखी असते. बंगल्यात फारसं बिघडत नाही, पण फ्लॅटमध्ये सिग्नल शेजारच्या मीटरपर्यंत पोचू शकतो. एकाचं पेअर बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. जास्त वेळ दाबून धरलं तर काही मॉडेल जोडीतून बाहेरच पडतात. इथे एकदा तसं झालं.

रविवार, २३ नोव्हेंबर

७२ तास दर मिनिटाला पिंग आणि दर तासाला आयपर्फ-३. खालून वर १७१ ते १८८, वरून खाली १५८ ते १८०, पिंग ४ ते ७. सकाळी चटणीच्या वेळी मिक्सर फिरतो, तेव्हा तीन-चार मिनिटं ११० होतात. ब्रशवाली मोटर आहे, ठिणग्या उडणारच. त्यावर काही केलेलं नाही. लाइट गेली की वर मोबाइलचं हॉटस्पॉट, त्यावरही काही करायचं नाही.

खर्च: अडॅप्टर ६,२००, कन्व्हर्टर ५६० (त्यातले १२० पाण्यात), वायरमन १,१००, पॅच कॉर्ड १८०, चार्जर ४५०, ट्यूब २६०, फेराइट १६०, स्विच १,१००. एकूण ₹१०,०१०. वेळ १९ तास, त्यातले सात वाया. याच्या निम्म्या पैशांत बाहेरून कॅट-६ टाकून ९४० मिळाले असते. भिंतीला हात लावायची मुभा असेल त्याने केबलच टाकावी.

डीबीच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवला: "एमसीबी ११, वरची खोली प्लग, आर फेज, न्यूट्रल आर पट्टी. नेटसाठी. लोड बॅलन्स करताना हलवू नये." न्यूट्रलच्या सातही तारांना नंबरांच्या चकत्या घातल्या.